पाईक की शिलेदार? फ्लेक्सवर नेमकं काय टाकायचं?

फ्लेक्सवाला_सिडको

नमस्कार मंडळी. माझं नाशिकला सिडकोत फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, गणपती, निवडणूक, सगळं करतो. लोक व्हॉट्सॲपवर मॅटर पाठवतात, कधी वहीच्या पानाचा फोटो, कधी नुसतं व्हॉइस नोट, मग शब्द मीच शोधायचे. नेत्यामागच्या लोकांसाठी आमच्याकडे शब्दांचा साचाच ठरलेला आहे बघा, सच्चा पाईक, एकनिष्ठ शिलेदार, बिनीचा शिलेदार, कट्टर समर्थक, निष्ठावंत मावळा. जो बसेल तो टाकायचा, खरं सांगतो मी ते जागा बघून टाकतो, अक्षरं कमी हवी असली की पाईक, ओळ भरायची असली की बिनीचा शिलेदार.

परवा एक तरुण गिऱ्हाईक आलं, 10 बाय 20 चा बोर्ड, वर साहेब मोठे, खाली हा आणि त्याची चाळीस पोरं. मी टाकलं होतं ‘साहेबांचे सच्चे पाईक’. प्रूफ बघून म्हणाला दादा हे पाईक काढा, पाईक म्हणजे शिपाई, आमच्या आजोबांनी सांगितलंय, शिलेदार टाका. मी काढलं आणि टाकलं. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय की पाईक म्हणजे खरंच शिपाई का? मग वारकरी लोक स्वतःला पांडुरंगाचे पाईक म्हणवतात ते कसं काय? आणि शिलेदार त्याच्यापेक्षा मोठा असतो का? पायी चालतो म्हणून पाईक असं आमच्या मिसेसचं म्हणणं. जाणकारांनी सांगा.

सिन्नरकर

वहिनी बरोबर आहेत. पायी चालतो तो पाईक. विषय संपला 😄

रविवार_कारंजा

विषय कसला संपतोय भो, आत्ता तर सुरू झालाय. पाईक हा फारसी शब्द आहे. फारसीत पैक म्हणजे जासूद, निरोप्या, धावत जाऊन टपाल पोचवणारा. आपल्याकडे लष्करातले निम्मे शब्द तिकडूनच आलेत, शिलेदार, बारगीर, हवालदार, जमादार. पाईक त्यातलाच.

प्राकृतवेडा

थांबा थांबा, इथे गडबड होतेय. फारसीत पैक आहे हे बरोबर, आणि इंग्रजांनी हिंदुस्थानी शब्दांचे कोश केले तेव्हा त्यांचीही ह्या दोन शब्दांत गल्लत होतच होती. पण मराठी पाईक फारसीतून आलेला नाही. संस्कृतात पदाति म्हणजे पायदळाचा सैनिक. हेमचंद्र हे 12 व्या शतकातले गुजरातमधले जैन आचार्य, त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात एक सूत्र असं आहे की ज्यात नेहमीच्या नियमात न बसणारे सहा शब्द एकत्र दिलेत. मलिनचं मइल, उभयचं अवह, शुक्तिचं सिप्पि, छुप्तचं छिक्क, आरब्धचं आढत्त आणि पदातिचं पाइक्क. हे पाइक्क म्हणजेच आपला पाईक. एक क गळाला आणि ई दीर्घ झाली एवढंच.

गंमत बघा त्याच यादीतला मइल आपल्याकडे मैला म्हणून आहे आणि सिप्पि शिंपीमध्ये, शिंपल्यामध्ये आहे (शिंपी म्हणजे कपडे शिवणारा नव्हे, समुद्रातली). म्हणजे 12 व्या शतकात हा शब्द इतका रुळलेला होता की व्याकरणकाराला ‘हा असाच आहे, मान्य करा’ म्हणून नोंदवावा लागला. पुढे फारसी बोलणारे आले, त्यांचा पैक आला, दोघं दिसायला सारखे, कामंही थोडीफार सारखी, शिपाई आणि हरकाऱ्या, मग गल्लत झाली. पण घरचा तो घरचा.

आणि नाशिककरांनो प्राकृत म्हटलं की तुम्ही जांभई देता पण पांडवलेण्यात रोज मॉर्निंग वॉकला जाता तिथे तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा जो लेख कोरलाय तो प्राकृतातच आहे बरं. ह्या भाषेच्या अंगणात तुम्ही ट्रॅकसूट घालून फिरताय.

रविवार_कारंजा

सर मानलं. माघार. पण मग वहिनींचं काय, पायी की नाही?

प्राकृतवेडा

वहिनी अर्ध्या बरोबर आहेत, पायी पासून पाईक झाला नाही, पण पाय, पायी, पदाति, पाईक सगळे एकाच घरातले. पद म्हणजे पाय. फारसीतही पाय म्हणजे पायच. तिकडचा पियादा म्हणजे पायी चालणारा, तो मराठीत प्यादा, प्यादं होऊन आला. म्हणजे बुद्धिबळाच्या पटावर जो पुढे उभा असतो तो प्यादा आणि आपला पाईक हे चुलतभाऊ. लॅटिनमध्ये पायासाठी पेद असं मूळ आहे, त्यावरून इंग्रजीतला पॉन आला, म्हणजे ते तिसरं चुलतघराणं, परदेशात राहणारं.

गंगापूररोड_चेस

हे भारी आहे. ग्रँडमास्टर विदित गुजराथी आपल्या नाशिकचा, त्यामुळे आमच्याकडे आता घराघरात पोरं क्लास लावतात. माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला क्लासच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं की प्यादं मागे जात नाही. हत्ती मागे येतो, घोडा मागे येतो, वजीर तर कुठेही जातो, राजासुद्धा एक घर मागे सरकतो, फक्त प्यादंच नाही. पटावर खरा एकनिष्ठ तोच एक.

मिसळ_आणि_दही

आणि तोच पहिला मरतो 😐

गंगापूररोड_चेस

हो. ते पण सरांनी सांगितलं, दुसऱ्या दिवशी.

बखरवाचक

फ्लेक्सवाले दादा, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, पाईक मोठा की शिलेदार. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

शिलेदार म्हणजे सिलाह अधिक दार. अरबीत सिलाह म्हणजे हत्यार, फारसीत दार म्हणजे बाळगणारा. मराठ्यांच्या घोडदळात दोन जातीचे स्वार. एक बारगीर, त्याला घोडा सरकारी पागेतून, म्हणजे तबेल्यातून मिळायचा. दुसरा शिलेदार, त्याचा घोडा त्याचा, हत्यार त्याचं, तो स्वतःच्या सामानानिशी चाकरीला यायचा. बारगीर शब्दात बार म्हणजे ओझं आणि गीर म्हणजे घेणारा, मूळ फारसीत तो ओझ्याच्या जनावराला म्हणायचे. (खोगीरमधला गीरही तोच, घाम घेणारा, घोड्याच्या पाठीवरचा घाम टिपतो तो.)

आता मान कुणाला जास्त तर अर्थात शिलेदाराला, घोडा स्वतःचा म्हणजे घरचा खातापिता. पण भरवसा कुणाचा जास्त? ज्याचा घोडा स्वतःचा त्याला पटलं नाही तर तो उद्या घोडा फिरवून दुसऱ्याच्या दारात उभा राहू शकतो ना! बारगीर कुठे जाणार, घोडा सरकारचा, गेला तर पायी जाईल. शिवाजी महाराजांनी हे बरोबर ओळखलं होतं. सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रात, फौजेची रचना दिलीय, 25 बारगिरांवर एक हवालदार वगैरे, आणि शिलेदारांना पागेच्या धाकात ठेवलं होतं हेही त्यात येतं, म्हणजे कुणाला बंडाळी करायला वावच नको. महाराजांनी पागा वाढवली ती उगाच नाही.

त्यामुळे ‘एकनिष्ठ शिलेदार’ हे जे आपण फ्लेक्सवर वाचतो ना, ते शब्द एकमेकांकडे जरा संशयाने बघतात. शिलेदार शूर असेल, कर्तबगार असेल, पण निष्ठा हा त्याच्या पगारपत्रकातला भाग नव्हता.

मिसळ_आणि_दही

म्हणजे गिऱ्हाइकाने बरोबर शब्द निवडला म्हणायचा 😂😂 निकाल लागल्यावर कळेल घोडा कुठे जातो ते

ओझरची_सून

दादा, मग बिनीचा शिलेदार म्हणजे?

बखरवाचक

ताई, बिनी म्हणजे फौजेची आघाडी, सगळ्यात पुढची तुकडी. बिनीवर असतो तो बिनीचा. पेशवाईतल्या विसाजी कृष्ण बिनीवाल्यांचं आडनाव त्यावरूनच. म्हणजे बिनीचा शिलेदार ही खरी जागा होती, नुसतं विशेषण नव्हतं. आता सगळेच बिनीचे, मग मागे कोण?

मागे असायचे त्यांनाही शब्द आहेत, फक्त ते फ्लेक्सवर कुणी टाकत नाही. बाजारबुणगे म्हणजे फौजेबरोबर चालणारा न लढणारा लोंढा, पानिपतावर ह्यांचंच ओझं झालं असं आपण शाळेपासून ऐकतो. खोगीरभरती म्हणजे खोगीर फुगावं म्हणून आत कोंबलेल्या चिंध्या. आणि हुजऱ्या. हुजूर म्हणजे समोर असणं, मालकाच्या समोर सतत हजर असायचा तो हुजऱ्या, साधा खाजगी नोकर, पण आज तो शब्द उच्चारून बघा, मारामारी होईल. गंमत म्हणजे त्याच हुजूरवरून हुजरात पण आलाय, ती मालकाची खास स्वतःची फौज, मानाची. एकाच शब्दाची दोन पोरं, एक सैन्यात गेलं आणि एक चहा आणायला.

सातपूर_पहिली_शिफ्ट

आमच्या कंपनीत हुजरातपण नाही न् पाईकपण नाही, नुसते हुजरेच. सॉरी, अवांतर. चालू द्या.

त्र्यंबकरोडची_माई

मला ह्या सगळ्या घोड्याबिड्यातलं कळत नाही, पण पांडुरंगाचा पाईक का म्हणतात ते सांगू शकते कारण माझ्या माहेरी चार पिढ्या वारी आहे. त्र्यंबकला निवृत्तीनाथांची समाधी, पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते, दिंड्या कुठून कुठून थंडीत पायी येतात, आणि आषाढीला नाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरपूरला निघते ती आमच्या सातपूरवरून, नाशकातून, सिन्नरवरून पुढे.

तर तुकोबांचे पाइकाचे अभंग म्हणून 11 अभंग गाथेत आहेत. आमचे वडील ते हरिपाठानंतर म्हणायचे, मला लहानपणी वाटायचं हे लढाईचं काय म्हणतायत देवासमोर. कारण त्यात खरंच शिपायाचीच भाषा आहे, शत्रूची वाट मोडायची, घाव सोसायचे, धन्यासाठी जीव द्यायचा. तुकोबा म्हणतात की खरा पाईक तो, ज्याला स्वतःचं अंग गवताच्या काडीसारखं आणि सोनं दगडासारखं. आणि असा जो असतो तो पाइकांचा नाईक. आणखी एका ठिकाणी म्हणतात सगळे एकाच धन्याचे पाईक आहेत, पण ज्याचं जसं बळ तसं त्याचं मोल.

म्हणजे बघा, शिपाई हा लहान माणूस होता हे तुकोबांना माहीतच होतं की. घोडा नाही, पालखी नाही, पायात वहाण असली तर असली. म्हणून तर घेतला तो शब्द. वारकरी पायीच चालतो आणि धनी एकच. देवाचा सरदार म्हणवून घ्यायला कुणाची जीभ रेटेल? पाईक म्हणवून घ्यायला रेटते.

बखरवाचक

माई, नमस्कार. पाइकां नाईक ह्याच्यात अजून एक मजा आहे, नुसतं यमक नाहीये ते. मराठ्यांच्या पायदळात सगळ्यात खालचा हुद्दा म्हणजे नाईक, साधारण दहा जणांमागे एक. म्हणजे तुकोबांनी त्या शूराला सेनापती केलं नाही, आपल्याच तुकडीतला पहिला केलं. ऐकणारा गावचा माणूस, त्याच्या घरातला कुणी ना कुणी किल्ल्यावर पाईक असणार, त्याला बरोबर टोचलं असेल.

त्र्यंबकरोडची_माई

हे मला ठाऊक नव्हतं हो. वडील असते तर सांगितलं असतं त्यांना.

भीमवाडी_ते_पंचवटी

मी शक्यतो लिहीत नाही इथे पण हा शब्द आमच्या घरातला आहे म्हणून लिहितेय. आमच्याकडे चळवळीचा पाईक म्हणतात. माझे पणजोबा काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते. 2 मार्च 1930 ला सुरू झाला, बाबासाहेब आले होते, स्थानिक नेतृत्व दादासाहेब गायकवाडांचं. लोकांना वाटतं एक दिवसाचा मोर्चा होता, पण तसं नाही, ते वर्षानुवर्षं चाललं. मंदिराच्या दारांशी जाऊन बसायचं, रामनवमीच्या रथाला दगड खायचे, परत गावी जायचं, मजुरी बुडायची, गावकरी बोलणं बंद करायचे, आणि पुन्हा निरोप आला की पुन्हा यायचं. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

पणजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. नावही कुठल्या पुस्तकात नाही. आजी सांगायची त्यांना लिहिता येत नव्हतं, पण सभेत कुणी विचारलं तुम्ही कोण तर म्हणायचे, चळवळीचा पाईक.

मला एक जाणवतं, बरोबर की चूक ते जाणकारांनी सांगा. पाईक हा कधी माणसाचा होत नाही. विचारांचा पाईक, परंपरेचा पाईक, चळवळीचा पाईक, पंथाचा पाईक असंच म्हणतात. समर्थक साहेबांचा असतो, कार्यकर्ता भाऊंचा असतो, पण ‘भाऊंचा पाईक’ म्हटलं की कानाला खटकतं. त्या गिऱ्हाइकालाही बहुतेक तेच खटकलं असेल, फक्त कारण त्याने वेगळं सांगितलं.

फ्लेक्सवाला_सिडको

ताई तुमची पोस्ट मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. गेल्या सात-आठ वर्षांच्या फायली शोधून पाहिल्या आत्ता बसून. खरंच तसंच आहे. पाईक जिथे जिथे गिऱ्हाइकाने स्वतःहून दिलाय तिथे आधी विचारांचे नाहीतर परंपरेचे असं आहेच. साहेबांचे पाईक फक्त मीच टाकलंय, जागा भरायला. शरम वाटली थोडी.

प्राकृतवेडा

निरीक्षण एकदम नेमकं आहे. अर्थ सरकला तो असा, आधी धनी हाडामासाचा होता, राजा, सरदार, किल्लेदार. संतांनी धन्याच्या जागी देव बसवला. मग 19 व्या-20 व्या शतकात देवाच्या जागी ध्येय, विचार, चळवळ बसली. धनी बदलत गेला, पाईक तोच राहिला. एकदा त्या जागी देव बसून गेल्यावर तिथे पुन्हा माणूस बसवला की जागा सैल वाटते.

आणि हा शब्द फक्त आपल्याकडे नाही. ओडिशात पाइक म्हणजे जमीन कसणारे आणि वेळ आली की लढणारे लोक, चाकरीच्या बदल्यात जमीन. मराठ्यांकडून 1803 ला ओडिशा ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, जमिनी गेल्या, 1817 ला खुर्द्याच्या बक्षी (म्हणजे सेनापती) जगबंधूंच्या मागे हे पाइक उठले. आसामात अहोम राजांकडे तर जवळजवळ प्रत्येक धडधाकट पुरुष पाइक, गटातला एक जण राजाच्या कामाला, बाकीचे त्याचं शेत बघायचे. तिकडे शब्द जमिनीला चिकटून राहिला. निष्ठेचा अर्थ आपल्याकडेच इतका चढला, आणि त्यात माई म्हणतात तसा वारकऱ्यांचा मोठा हात आहे.

कॉलेजरोड_२००३

आम्ही मावळे लिहितो गाडीवर, ते चालतं ना? 🚩

बखरवाचक

चालतं रे बाबा, पण मावळा म्हणजे मावळातला, सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या खोऱ्यांतला माणूस. सूर्य मावळतो त्या बाजूचा. गाडी एमएच 15, म्हणजे नाशिकची, आणि वर मावळा, जरा भूगोल ताणला जातो एवढंच. गाडी हळू चालव मात्र.

कॉलेजरोड_२००३

😅 आणि फॅन? मी एका टीमचा डाय हार्ड फॅन आहे, तो पण निष्ठावंतच झाला ना

प्राकृतवेडा

फॅन हा फॅनॅटिकचा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं फानुम, म्हणजे देऊळ. देवळात अंगात येऊन घुमणारा तो. त्यामुळे तूही शेवटी माईंच्याच रांगेत आहेस, फक्त टाळाऐवजी पिपाणी घेऊन.

सिन्नरकर

मी पहिल्या ओळीत विषय संपवला होता, माफी असावी.

ओझरची_सून

फ्लेक्सवाले दादा, त्या गिऱ्हाइकाचं पुढे काय झालं?

फ्लेक्सवाला_सिडको

ताई तेच सांगायला आलो. काल रात्री साडेअकराला फोन. दादा ती फाइल आहे का, म्हटलं आहे ना. म्हणे फक्त वरचे साहेब बदला, झेंड्याचा रंग बदला, खालची पोरं तीच ठेवा. म्हटलं आणि मजकूर? म्हणाला मजकूर तोच, एकनिष्ठ शिलेदार.

मी काहीच बोललो नाही. बखरवाचक सरांची पोस्ट आठवली न् हसू आवरेना. घोडा त्याचाच आहे, कुठेही नेऊ द्या. ॲडव्हान्स घेऊन ठेवला तेवढा.

मिसळ_आणि_दही

मी म्हटलं नव्हतं?? आणि ते पण निकालाच्या आधीच 😂

बखरवाचक

झेंड्याचा रंग नीट बघून घ्या, परत बदलायला येईल.

फ्लेक्सवाला_सिडको

फाइल उघडीच ठेवलीय सर.

आता एक कामाचं. माझे सासरे नाथांच्या पालखीबरोबर जातात, ह्या वेळी त्यांच्या दिंडीच्या पाण्याच्या टँकरला एक छोटा फ्लेक्स मी माझ्याकडून करून देतोय, 3 बाय 6. फोटो कुणाचाच नाही, शुभेच्छुक पण नाही. मजकूर ठरलाय, ‘निवृत्तीनाथांच्या पाईकांची दिंडी’. नाथ देवाच्या जागी आहेत म्हणून चालेल ना ताई? आणि प्रिंटला टाकायच्या आधी विचारतो, पाईकांची दीर्घ की ऱ्हस्व? कोरलमध्ये (आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर) दोन्ही छान दिसतंय.

भीमवाडी_ते_पंचवटी

चालेल दादा. नाथांना कोण माणूस म्हणतंय.

प्राकृतवेडा

एकटा शब्द असेल तेव्हा पाईक, दीर्घ. पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, गरीबचं गरिबांची होतं तसं पाईकचं पाइकांची. म्हणजे ‘निवृत्तीनाथांच्या पाइकांची दिंडी’.

फ्लेक्सवाला_सिडको

केलं ऱ्हस्व. मशीनला लावतो.

त्र्यंबकरोडची_माई

फ्लेक्सच्या आयलेट कड्या घट्ट मारा बाबा, सिन्नरच्या घाटात वारं फार असतं.